हुरड्याचा खोकला

पडेगाव मागं पडलं की दौलताबादच्या रस्त्याला डिसेंबर संपता संपता पाट्या उगवायला लागतात. 'हुरडा पार्टी', 'अस्सल गावरान हुरडा', 'हुरडा, झोका, बैलगाडी, भरपूर पार्किंग'. एका पाटीवर फेटा बांधलेला शेतकरी दात काढून हसतोय आणि त्याच्या हातातलं कणीस चक्क मक्याचं आहे. दर वर्षी मी त्या मक्याला हसते. या वर्षी बसच्या खिडकीतून ती पाटी दिसली आणि मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईनं विचारलं, "मळमळतंय का हो?" मी हो म्हणून टाकलं. दुसरं काय सांगणार होते तिला?

माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं शेत याच रस्त्याला आत वळून आहे. बांधावर उभं राहिलं की दौलताबादचा किल्ला दिसतो. माझं सासर शहरात, नोकरी शहरातल्या शाळेत, पण लग्नानंतर पस्तीसेक वर्षं दादा मला हुरड्याला न्यायला स्वतः यायचा. आमच्याकडे लेकीबाळींना दिवाळीला आणतात तसं हुरड्यालाही आणतात, आणि दादा त्यात कधी चुकला नाही. जोंधळा दुधातून बाहेर पडला, दाणा बोटानं दाबल्यावर जरासा दबून परत फुगायला लागला, की दुसऱ्या दिवशी त्याची गाडी माझ्या दारात. "चल गं कमे, दोन दिसांत निबर हुतंय समदं." मग मी घाईघाईनं रजेचा अर्ज लिहायची. कारण म्हणून 'घरगुती अडचण' लिहायची आणि हेडमास्तर अर्जाकडे बघून म्हणायचे, "अडचण आम्हालाही थोडी आणा."

आगटी दादाच पेटवायचा. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या रचलेल्या, धग धरली की कणसं आत खुपसायची. खरं कसब फुंकण्यात. दादा कोपरांवर ओणवा व्हायचा, गाल जवळजवळ मातीला टेकवायचा आणि एक लांब, सावकाश फुंकर सोडायचा. राख अलगद बाजूला सरकायची आणि निखारे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होत जायचे. मी सहासात वर्षांची होते तेव्हा त्याच्या एका फुंकरीत माझा बेचा पाढा पूर्ण व्हायचा. बे एके बे, बे दुणे चार, थेट बे दाहे वीसपर्यंत. तो ओणवा आणि मी शेजारी उकिडवी बसून ओरडत पाढा म्हणतेय, असं आमचं चालायचं. वीस झाले की तो मान वर करून विचारायचा, "आजून म्हनती का?" त्याच्याकडे दम शिल्लक असायचा. माझ्याकडेच पाढा संपलेला असायचा.

बिडी तो सोळाव्या वर्षी प्यायला लागला, याच दिवसांत. जोंधळ्यावर पाखरं पडायची, राखण करायला मचाणावर बसावं लागायचं. दिवसभर गोफण फिरवायची आणि मधल्या वेळात करायचं काय? शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्यानं एक बिडी दिली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. राखण करणाऱ्यानं बिडी प्यायची, हे गोफणीइतकंच ठरलेलं होतं.

खोकल्याला नाव मी ठेवलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायलाच हवं. मी डी.एड.ला होते. सुट्टीत घरी आले तेव्हा दादा सकाळी उठल्या उठल्या खोकत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई घाबरली. मी शिकलेली, शहाणी. म्हणाले, "काही नाही आई, हुरड्याचा खोकला आहे. दिवसभर आगटीच्या धुरात तोंड घालून बसतो, दुसरं काय होणार? होळीला जाईल." सगळे हसले, दादा सगळ्यात जास्त हसला. आणि खरंच त्या वर्षी होळीच्या सुमाराला खोकला गेला. मग माझ्या शब्दाला घरात वजन आलं. पुढच्या हिवाळ्यात दादा स्वतःच सांगायला लागला, "हुरड्याचा खोकला हाये, कमल म्हनली."

नाव मिळालं की माणूस निवांत होतो. आजाराला नाव नसतं तोवर भीती वाटते, रात्री झोप उडते, कुणाला तरी दाखवावंसं वाटतं. आम्हाला नाव मिळालं होतं आणि जायची तारीखही मिळाली होती. काही वर्षांनी खोकला होळीला गेला नाही, पाडव्याला गेला. मग अक्षय तृतीयेपर्यंत रेंगाळायला लागला. एका वर्षी पोळ्याला दादा बैल धुताना खोकत होता आणि वहिनी म्हणाली, "औंदा हुरड्याचा खोकला लईच लांबला बाई." पोळ्याला कुठला आलाय हुरडा? पण कुणीच विचारलं नाही. मी तिथंच उभी होते, हातात बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाचा डबा घेऊन. मीसुद्धा नाही विचारलं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती माझ्या शाळेतल्या वर्षांची. आमची शाळा तंबाखूमुक्त होती. त्या कामाची प्रमुख मीच. फाटकापासून शंभर यार्डांवर रस्त्यावर पिवळा पट्टा मारून घेतला होता, त्याच्या आत पानटपरी नको म्हणून टपरीवाल्याशी भांडले होते. प्रभातफेरी काढायचे. मुलं बेंबीच्या देठापासून ओरडायची आणि मी पुढं छाती काढून चालायची. पोस्टरांवर सगळीकडे तोंडाचा कॅन्सर. सडलेला जबडा, भोक पडलेला गाल. बघवायचं नाही. श्वासाबद्दल एक ओळ नव्हती कुठंच. श्वासाचं चित्र काढणार तरी कसं? भोक पडलेला गाल दाखवता येतो. सदऱ्याची बटणं लावताना दमणारा माणूस पोस्टरवर नुसता बसलेला दिसेल.

दादा मला हुरड्याला न्यायला यायचा तेव्हा त्या पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर बाहेर गाडी लावून बिडी ओढत उभा राहायचा. एक पाय पट्ट्याला टेकलेला, पण पलीकडे. "तुजा कायदा मोडला नाय गं मी," म्हणायचा. मुलं हसायची, मीही हसायची. कधीतरी चिडून मी ती पोस्टरं त्याच्यापुढं धरली तर शांतपणे म्हणाला, "हे तंबाखू खानाऱ्याचं हाये. मी कुठं खातो? खाल्लेलं आत ऱ्हातंय कमे. धूर तर बाहीर जातोय."

धूर बाहेर जातो. किती सरळ हिशेब! आमच्या भागातल्या हजार माणसांना विचारलं तर हजार जण हेच सांगतील. बिडी म्हणजे तंबाखूपेक्षा बरी, बिडीनं पोट साफ होतं, बिडीनं थंडी पळते. आणि म्हातारपणी दम लागला तर तो वयाचा, नाहीतर हवेचा, नाहीतर मागच्या जन्माचा. बिडीचा कधीच नाही.

मग पुठ्ठ्याचं वर्ष आलं. दादा पन्नाशी ओलांडलेला. मी आगटीपाशी गेले तर तो ओणवा नव्हता, पाटावर बसून टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होता. "फुंकत का नाहीस रे?" म्हटलं. म्हणाला, "कामून फुंकू? पुठ्ठ्यानं झ्याक पेटती." आम्ही सगळ्यांनी त्या पुठ्ठ्याचं कौतुक केलं. वहिनीनं त्याला चिंध्यांची मूठ शिवून दिली. मी त्याचा फोटोसुद्धा काढला, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. फोटोत दादा हसतोय आणि त्याचे खांदे कानांपर्यंत वर गेलेले आहेत. श्वास घेण्यासाठी खांदे वर ओढावे लागत होते त्याला. मला तो थंडीनं आखडलाय असं वाटलं होतं.

दवाखान्यात नेलं ते पार उशिरा, विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा बसावं लागायला लागलं तेव्हा. शहरातला छातीचा डॉक्टर तरुण होता, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानं दादाच्या हातात दम मोजायच्या यंत्राची नळी दिली आणि म्हणाला, "बाबा, मोठा श्वास घ्या आणि जोरात फुंकत राहा, मी थांबा म्हणेपर्यंत." दादानं माझ्याकडे बघून डोळा मारला. "आगटी फुंकनाऱ्याला फुंकायला शिकवतंय हे पोरगं." नळी तोंडात धरली. आणि माझ्या मनात, कुणी न सांगता, पाढा सुरू झाला. बे एके बे. बे दुणे चार. तिथंच दादा वाकला आणि खोकायला लागला. तीनदा करायला लावलं, तीनदाही चारावरच. दादानं चौथ्यांदा नळी मागितली. डॉक्टर म्हणाला, "राहू द्या बाबा, कळलं."

त्यानं सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, मास्तरणीच्या सवयीनं. सीओपीडी. फुप्फुसांतल्या नळ्या आकसलेल्या, हवेचे बारीक फुगे फाटलेले. चुलीचा, आगटीचा धूर यांनीही वाईट केलंच, पण चाळीसहून जास्त वर्षं रोज छातीत ओढून घेतला तो बिडीचा धूर, मुख्य काम त्याचं. गेलेलं परत येत नाही. बिडी आज सोडली तर राहिलेलं जास्त दिवस टिकेल. मी विचारलं, "दहा वर्षांपूर्वी आणलं असतं तर?" डॉक्टर भला होता. तो म्हणाला, "आज आणलंत ना, हे महत्त्वाचं." भल्या माणसांची उत्तरं फार लागतात.

दादानं बिडी त्याच दिवशी सोडली. चाळीस वर्षांत ज्याला जमलं नव्हतं ते तीन वेळा चारावर अडलेल्या एका पाढ्यानं झालं. पण डॉक्टरनं दिलेला श्वासाचा पंप घ्यायला मात्र तयार नव्हता. औषधाचा तो पंप उशाखाली दडवून ठेवायचा आणि अगदी जीव घाबरा झाला तरच काढायचा. का, तर पंपाची सवय लागते! गावातल्या निम्म्या लोकांनी त्याला हेच सांगितलं होतं. बिडीची सवय लागेल म्हणून ज्याला उभ्या जन्मात कुणी टोकलं नाही, त्याला पंपापासून सांभाळायला सगळं गाव धावलं. मी ओरडले, रडले, एकदा तर पंप त्याच्या तोंडापुढं धरून उभी राहिले. रोज घ्यायला लागला तेव्हा वर्ष वाया गेलं होतं.

आता दादा अडुसष्ट वर्षांचा आहे आणि ओसरीवरच्या खाटेवर असतो. नाकाला नळी, नळीच्या टोकाला हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन. ते दिवसभर घरघरतं. अंघोळीला एक तास लागतो. जेवताना घास चावायचा की श्वास घ्यायचा हे त्याला ठरवावं लागतं, म्हणून अर्ध्या भाकरीवर उठतो. हसू आलं तर हात वर करून आम्हाला थांबवतो, कारण हसणं परवडत नाही. आणि शेतवस्तीवरची लाइट! मागच्या रविवारी दुपारी मी तिथं होते, अचानक मशीन गप्प झालं. त्या शांततेत दादाचे डोळे मोठे झाले. वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन सिलिंडरकडे धावली, चावी फिरेना, पिठाचे हात निसटत होते. मी नळी धरून उभी. असेल एखादं मिनिट. त्या एका मिनिटात मी देवाला, लाइटवाल्यांना, पहिली बिडी देणाऱ्या त्या म्हाताऱ्याला आणि स्वतःला मिळून जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या जन्मात घातल्या नसतील. सिलिंडर सुरू झाल्यावर वहिनी खाली बसली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडली.

दादाला धीर आल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. तो आता वाक्यं तुकड्यांत बोलतो, मधे थांबून. म्हणाला, "माजं... ऱ्हाऊ दे. संतूचं बग."

संतोष दादाचा मुलगा, माझा भाचा. छत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. बापाची शेती त्यानं हुरडा पार्टीवर आणली, शहरातून गाड्या भरून लोक येतात. गडी हुशार, बोलका, माणसाला जीव लावणारा. बिडीला हात लावत नाही, म्हणतो ती अडाण्यांची. सिगरेट ओढतो. आधी पाहुण्यांबरोबर एखादी, आता विहिरीमागं जाऊन. बापाच्या मशीनजवळ पेटवत नाही, एवढं भान आहे. त्या भानाचं काय करू मी?

"दवाखान्यात चल म्हनलं... फुंकून बग म्हनलं," दादा सांगत होता. "म्हनतो मला काय धाड भरली. लेकराला... तू आगटीवर फुंकायला लाव. त्वांडानं. पाढा... म्हन." एवढं बोलून त्याचे ओठ निळसर झाले. मी मान हलवली. वहिनीला यातलं काही कळलं नाही, पाढ्याचं गुपित आम्हा दोघांचंच.

तर काल मी त्यासाठी गेले होते. त्या मक्याच्या पाटीवरून पुढं. आगटी आता ओसरीपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला केलेली आहे, धूर घराकडे येऊ नये म्हणून. पाहुणे अकराला येणार होते. थंडी छान होती, जोंधळा कमरेच्या वर, किल्ला धुक्यातून नुकता बाहेर आलेला. इतकी सुंदर सकाळ होती की मला तिचा राग आला. या सगळ्याला काही कळत नाही. दाणा वेळेवर भरतो, गोडी वेळेवर येते, आणि ज्यानं पेरायला शिकवलं तो खाटेवर एकेक श्वास उसना घेतोय.

संतोष गोवऱ्या रचत होता. पेटवल्यावर त्यानं खिशातून एक छोटं बॅटरीचं यंत्र काढलं, बटण दाबलं, भर्रकन वारा सुटला.

"हे काय रे?"

"ब्लोअर हाये आत्या. ऑनलाइन मागवलं. आता कोन फुंकत बसतंय?"

मला चिंध्यांच्या मुठीचा पुठ्ठा आठवला. मी त्याच्या हातातून यंत्र काढून घेतलं. म्हटलं, "यंत्रानं राख उडते, कणसात जाते. तुझा बाप कसा फुंकायचा ठाऊक आहे ना? एकदा तोंडानं फुंक. माझ्यासाठी. मी हुरड्याला आलेय, माहेरची लेक आहे, माझा एवढा हट्ट नाही पुरवायचा?"

"तू बी ना आत्या," म्हणत तो हसला आणि कोपरांवर ओणवा झाला. पाठमोरा अगदी दादा. तेच खांदे, मानेवर तसाच केसांचा भोवरा. मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले. साठीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरले. त्यानं श्वास भरून घेतला आणि फुंकर सोडली. राख सरकली, जवळचे निखारे लाल झाले. मी आवाज न करता, ओठातल्या ओठात सुरू केलं. बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. जा रे पुढं, जा बाळा, तुझ्या बापाचं आयुष्य घे पण जा. बे चोक आठ.

तो थांबला. खोकल्याची उबळ आली, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पलीकडच्या टोकाचे निखारे काळेच राहिले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "संतू, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. पाया पडते तुझ्या."

त्यानं बाहीनं डोळे पुसले, राखेतून एक कणीस ओढलं, तळहातांवर चोळलं आणि गरम हिरवे दाणे माझ्या ओंजळीत ओतले.

"आगं काय नाय आत्या," तो म्हणाला. "हुरड्याचा खोकला हाये. होळीला जातोय."

दाणे हाताला पोळत होते. मी मान वर करून ओसरीकडे बघितलं. दादा खाटेवर उठून बसला होता, नळी गळ्यात लोंबत होती, आणि तो आमच्याचकडे बघत होता. त्यानं हळूहळू हात वर केला. त्याची चार बोटं उभी होती. बे चोक.